आयसी निवडण्यापासून बोर्ड चालू करण्यापर्यंत, पाण्याच्या टाकीच्या अलार्मवरून

बहुतेक जण सर्किट करायला घेतात ते थेट आयसीच्या (चिपच्या) नंबरापासून. व्हिडिओत एक सर्किट बघितलं, त्यातला नंबर लिहून घेतला, मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आयसी आणला, ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीवर, खोचला, चाललं नाही की आयसी खराब निघाला असं ठरवून दुसरा आणला, तोही चालत नाही, मग कंटाळून सगळं डब्यात. आयसी खरंच खराब असायची वेळ फार कमी येते हो. त्याला सप्लाय किती मिळतोय, इनपुटला काय येतंय, आउटपुटला काय लटकवलंय आणि आजूबाजूचे दोन-चार छोटे पार्ट लावलेत की नाही, नव्वद टक्के भांडण इथेच असतं. म्हणून माझं सांगणं एवढंच की या गोष्टी आधी कागदावर लिहा, नंबर सगळ्यात शेवटी ठरतो.

उदाहरण घेऊया आपल्याकडचं. पाणी ठरलेल्या वेळेला येतं, पंप चालू करतात, गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते आणि खाली कुणाला पत्ताच नसतो. टाकी भरली की खाली बझर वाजला पाहिजे. कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टलाही चालतं आणि बिल्डिंगमध्ये खरंच कामाला येतं. यात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम टाकायचा आयसी, मुद्दाम घेत नाहीये, कारण साधा लॉजिक आयसी नीट लावता आला तर पुढचं सगळं सोपं जातं.

आधी सप्लाय. घरात १२ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असतोच, तो घेऊया. पण आधी मल्टिमीटर लावून बघा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला, जड असतो तो अडॅप्टर लोड नसताना १६-१७ व्होल्टसुद्धा दाखवतो, वर १२ छापलेलं असलं तरी. हल्लीचे हलके स्विचिंगवाले बरोबर १२ च्या आसपास देतात. आता हा आकडा लिहून ठेवला की अर्धी निवड इथेच होते, कारण ७४एचसी सिरीज २ ते ६ व्होल्टची आहे, १२ ला लावली की गेली, आणि सीडी४००० सिरीज ३ ते १५ व्होल्ट आरामात घेते. म्हणजे १२ वर थेट चालवायचं तर ४००० सिरीज, नाहीतर मध्ये रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा आयसी, टाकून ५ करायचे.

रेग्युलेटर म्हटलं की ७८०५, सगळ्यांच्या तोंडात तोच. चांगला आयसी आहे, पण त्याचा हिशोब कोणी करत नाही. १२ आत, ५ बाहेर, म्हणजे ७ व्होल्ट तो स्वतःवर घेतो, आणि ३०० मिलिअँपिअर ओढले तर ७ गुणिले ०.३ म्हणजे २.१ वॅट नुसती उष्णता. हीटसिंक नसेल तर त्याचं टीओ-२२० पॅकेज, म्हणजे आयसीचं बाहेरचं आवरण, दर वॅटला साधारण ६५ डिग्रीने तापतं, म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा १३५ डिग्री वर, आणि गच्चीवर मे महिन्यात बंद डब्यातली हवाच ४० च्या पुढे. साहजिकच तो आतून थर्मल शटडाउनला जातो, थंड होतो, परत चालू होतो, आणि आपल्याला वाटतं सर्किट मधूनमधून वेड्यासारखं वागतंय. वीस-तीस मिलिअँपिअरचं काम असेल तर ७८०५ बिनधास्त वापरा, इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड अगदी पायांजवळ लावून. करंट जास्त असेल तर बक कन्व्हर्टर मॉड्यूल घ्या, ते फारसं न तापता व्होल्टेज उतरवतं. आणि इनपुट ७ व्होल्टच्या खाली गेलं तर ७८०५ कडून नीट ५ ची अपेक्षा ठेवू नका, त्याला स्वतःलाच वर दोनेक व्होल्ट लागतात.

आपल्या अलार्मला मात्र रेग्युलेटर लागतच नाही, हलका स्विचिंगवाला अडॅप्टर घेतला की ४००० सिरीज १२ वर चालेल. हाही डिझाइनचाच भाग, जो पार्ट टाळता येतो तो टाळायचा.

आता इनपुट. टाकीत वरच्या पातळीला दोन स्टीलचे प्रोब, स्टेनलेसचे स्क्रू चालतील. पाणी पोचलं की दोघांमध्ये रेझिस्टन्स तयार होतो, तो प्रोबच्या आकारावर, अंतरावर, पाण्यावर अवलंबून असतो, काही के (किलोओहम) पासून शंभर के पर्यंत धरून चाला. एक प्रोब ग्राउंडला, दुसऱ्यावर १२ व्होल्टपासून एक मेगओहमचा पुल-अप, म्हणजे त्या पॉइंटला प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर. पाणी नसेल तर तो पॉइंट १२ व्होल्टवर, आणि पाणी आलं, समजा शंभर के, तर १२ गुणिले १०० भागिले ११००, म्हणजे १ व्होल्टच्या जरा वर. फरक भरपूर आहे. पण पाणी वर येताना स्थिर नसतं, लाटा येतात, पंपाने हलतं, म्हणून साधं लॉजिक गेट लावलं तर बॉर्डरवर ते आउटपुट थरथरवतं. इथे स्मिट ट्रिगर लागतो, ज्या व्होल्टेजला गेट पलटतं तो थ्रेशोल्ड वर जाताना वेगळा आणि खाली येताना वेगळा. म्हणजे सीडी४०९३, एका आयसीत चार नँड गेट (दोन्ही इनपुट हाय असतील तरच आउटपुट लो), सगळी स्मिट ट्रिगर इनपुटवाली. बघा, नंबर आत्ता कुठे आला, आणि तो आपोआप आला.

आता डेटाशीट, म्हणजे कंपनीचं त्या आयसीचं माहितीपत्रक, उघडा. पहिल्या पानावरचे फीचर्स वाचून बंद करू नका, तिथे फक्त चांगलं चांगलं लिहिलेलं असतं. अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम म्हणजे ज्याच्या पुढे आयसी मरतो ती रेघ, तिथे आयसी चालवायचा नसतो, चालवायची रेंज रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्समध्ये असते. आणि प्रत्येक ओळीत मिनिमम, टिपिकल, मॅक्सिमम असे तीन कॉलम असतात, त्यातला टिपिकल बघून लोक डिझाइन करतात, तिथेच फसतात. ४०९३ चंच घ्या, १० व्होल्ट सप्लायवर खालचा थ्रेशोल्ड टिपिकल ३.९ व्होल्ट, पण मिनिमम २.५ आणि मॅक्सिमम ५.२. वरचा टिपिकल ५.९, तो ४.६ ते ७.१ च्या मध्ये कुठेही असू शकतो. तुमच्या हातातला पीस यातला कुठला ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून डिझाइन असं करायचं की दोन्ही टोकांना चाललं पाहिजे. आपला १ व्होल्ट हा २.५ च्याही बराच खाली आहे, म्हणून पाणी आलं की नक्की पकडणार.

पण कोरड्या बाजूचं काय? मुंबईत खरा त्रास तिकडे आहे. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बोर्डवर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स, धूळ, समुद्राजवळ असाल तर खारट हवेचा थर, हे सगळं ओलं होऊन ट्रॅकच्या मधून करंट झिरपायला लागतो. एक मेगचा पुल-अप आणि त्याच्यासमोर ओलाव्यामुळे ५०० के ची गळती झाली तर इनपुट १२ वरून सरळ ४ व्होल्टवर येतं, आणि टाकी रिकामी असताना रात्री बझर सुरू. त्यामुळे इथे पुल-अप ३३० के घ्या. तेव्हा तीच ५०० के ची गळती असली तरी इनपुट ७ व्होल्टच्या वर राहतं, आणि पाण्यात शंभर के असले तर २.८ व्होल्ट; वरचे थ्रेशोल्ड १० व्होल्टचे होते, १२ वर खालचा मिनिमम ३ च्या आसपास जातो, म्हणजे अजूनही पकडलं जातं. शंभर के पेक्षा जास्त दाखवत असेल तर प्रोब थोडे जवळ आणा किंवा मोठे घ्या. एक फायदा अजून, ३३० के मुळे पाण्यातून जाणारा करंट चाळीस मायक्रोअँपिअरच्या आत राहतो, प्रोब हळू गंजतात. कमी रेझिस्टन्स टाकून जास्त करंट सोडला की डीसीमुळे एक प्रोब लवकर खाल्ला जातो. आणि सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ करा, सुकल्यावर वरून पीसीबी लॅकर मारा. पावसाळ्यात टिकणारं आणि न टिकणारं सर्किट यात बऱ्याचदा एवढाच फरक असतो, आणि बाहेरच्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये हे मिळणार नाही कारण लिहिणारा कोरड्या हवेत बसलेला असतो.

गच्चीपासून खालपर्यंत वायर लांब जाणार, ती अँटेनासारखी ५० हर्ट्झ उचलते आणि लिफ्टची, पंपाची मोटर चालू-बंद होताना स्पाइकही आणते. ४०९३ हा सीमॉस प्रकारचा आयसी, त्याच्या गेटचं इनपुट अशा वायरला थेट जोडायचं नाही. प्रोबच्या पॉइंटपासून १०० के सिरीजमध्ये, मग गेटचा पाय, आणि गेटच्या पायावरून ग्राउंडला ०.१ मायक्रो. १०० के मुळे स्पाइकचा करंट अडतो, कॅपॅसिटरमुळे ५० हर्ट्झचा हम दबतो, आणि टाकी भरल्याचं सेकंदाचा दहावा भाग उशिरा कळलं तर काही बिघडत नाही.

पायांचं आता. खाच डाव्या हाताला ठेवून वरून बघायचं, खालचा डावा पाय १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. ४०९३ ला १४ वर प्लस, ७ वर ग्राउंड. गेटं अशी: १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट, ५ आणि ६ इनपुट, ४ आउटपुट, ८ आणि ९ इनपुट, १० आउटपुट, १२ आणि १३ इनपुट, ११ आउटपुट. हे नीट बघा, कारण ७४ सिरीजच्या नँडमध्ये, म्हणजे ७४एचसी००, ७४एचसी१३२ वगैरे, मधल्या गेटांचे पाय वेगळे आहेत, तिथे ४-५ इनपुट आणि ६ आउटपुट. दोन्ही क्वाड नँडच, दोन्ही १४ पायांचे, म्हणून दुकानाच्या काउंटरवर कुणी "सेम चलेगा" म्हणालं तरी डेटाशीट बघितल्याशिवाय बदली करायची नाही.

पहिलं गेट: दोन्ही इनपुट जोडून इन्व्हर्टर केला. पाणी आलं की आउटपुट हाय, म्हणजे १२ व्होल्टच्या जवळ. दुसरं गेट: त्याचं एक इनपुट या हायला, दुसऱ्यावर आउटपुटपासून एक मेगचा रेझिस्टर आणि ग्राउंडला १ मायक्रोचा कॅपॅसिटर, झाला ऑसिलेटर, पाणी असेपर्यंत पाऊण-एक सेकंदाला एकदा बीप. थ्रेशोल्ड पीसप्रमाणे बदलतात हे वर बघितलंच, त्यामुळे बीपचा वेगही बदलणार, बझरला चालतं, घड्याळाला चालणार नाही. वेळ अचूक पाहिजे असेल तर ५५५ हा टायमर आयसी घ्या, त्याचे थ्रेशोल्ड आतल्या तीन सारख्या रेझिस्टरवर ठरतात, सप्लायच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश, म्हणून सप्लाय हलला तरी टायमिंग फारसं हलत नाही. हान्स कामेन्झिंदने १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी डिझाइन केलेला आयसी अजून रोज विकला जातो त्याचं हे एक मोठं कारण. बरं, तो एक मायक्रोचा कॅपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक नको, एक मेगसमोर त्याची लीकेज त्रास देते, फिल्म नाहीतर सिरॅमिक घ्या.

ऑसिलेटर बंद असताना दुसऱ्या गेटचं आउटपुट हाय बसतं, म्हणजे सरळ जोडलं तर टाकी रिकामी असताना बझर अखंड वाजणार. म्हणून तिसरं गेट परत इन्व्हर्टर म्हणून. हे कागदावर ट्रुथ टेबल, म्हणजे कुठल्या इनपुटला काय आउटपुट याचा तक्ता, काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. चौथं गेट उरलं, त्याचे १२ आणि १३ नंबरचे पाय ग्राउंडला जोडा, ११ मोकळा सोडा. सीमॉसचं न वापरलेलं इनपुट तरंगतं ठेवलं की ते मधल्याच व्होल्टेजवर जाऊन बसतं, गेट अर्धवट चालू राहतं, आयसी उगाच करंट खातो आणि कधीकधी शेजारचं गेटही बिनसतं. नुसता हात जवळ नेल्यावर सर्किटचं वागणं बदलत असेल तर पहिला संशय तरंगत्या इनपुटवर घ्या.

मग लोड. १२ व्होल्टचा बझर साधारण ३० मिलिअँपिअर घेतो आणि ४०९३ चं आउटपुट या सप्लायला एक-दोन मिलिअँपिअरच्या वर भरवशाने देत नाही. मध्ये ड्रायव्हर, म्हणजे जास्त करंट पेलणारा पार्ट, लागणारच. पुष्कळ जण डोळे झाकून यूएलएन२००३ टाकतात, चांगला आहे, सात चॅनल, प्रत्येकी ५०० मिलिअँपिअरपर्यंत, ५० व्होल्टपर्यंत. पण त्याच्या इनपुटला आत २.७ के चा रेझिस्टर आहे, तो ५ व्होल्टच्या लॉजिकसाठी. १२ व्होल्टने चालवला तर जवळपास ४ मिलिअँपिअर मागणार, तेवढं ४०९३ कडून घेणं बरोबर नाही. त्याचाच भाऊ यूएलएन२००४, आत १०.५ के, तो ६ ते १५ व्होल्टच्या सीमॉससाठीच केलाय. आपल्याला एकच बझर आहे, मग बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसला १० के, एक मिलिअँपिअरच्या आसपास बेस करंट, काम फत्ते. बझरच्या जागी रिले (कॉइलने चालणारा स्विच) असेल तर कॉइलला उलटा १एन४००७ डायोड पाहिजेच, आणि यूएलएन वापरत असाल तर ९ नंबरचा पाय रिलेच्या प्लसला, नाहीतर आतले डायोड कामालाच येत नाहीत.

मोटर परस्पर बंद करायचा मोह होईल. पंपाचा स्टार्टिंग करंट छोट्या रिलेला झेपत नाही, तिथे कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंटचा मोठा रिले, लागतो आणि तो बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, कॅपॅसिटर ड्रॉपरवाला बिनट्रान्सफॉर्मरचा सप्लाय या सर्किटला कधीही वापरू नका. त्यात मेन्सपासून आयसोलेशन नसतं, म्हणजे सर्किट घरातल्या विजेपासून तुटलेलं नसतं, आणि आपले प्रोब पाण्यात आहेत, त्याच पाण्याला माणसं हात लावणार आहेत. अडॅप्टर चांगल्या कंपनीचा, बीआयएस मार्क असलेला घ्या.

डीकपलिंग, म्हणजे आयसीजवळ सप्लाय स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर. पाय १४ आणि ७ च्या मध्ये ०.१ मायक्रोचा सिरॅमिक, ज्याच्यावर १०४ छापलेलं असतं तो, आयसीच्या जितका जवळ तितका चांगला. सप्लाय जिथे बोर्डवर येतो तिथे १०० मायक्रोचा इलेक्ट्रोलिटिक, २५ व्होल्टचा. गेट पलटतं तेव्हा क्षणभर करंटचा झटका लागतो, तो लांबच्या अडॅप्टरकडून वेळेत येत नाही, हा छोटा कॅपॅसिटर जागेवर देतो. साधा एनई५५५ तर आउटपुट पलटताना सप्लायवरून मोठाच झटका ओढतो, त्याच्या शेजारी काउंटर आयसी असेल आणि १०४ नसेल तर काउंटर एकाचे दोन मोजतो. ५५५ चा ४ नंबरचा पाय प्लसला बांधायचा आणि ५ नंबरवर ग्राउंडला १० नॅनो लावायचा, हे पण जाता जाता लक्षात ठेवा.

कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी, लावणाऱ्यांसाठी थोडं. एलएम३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, तो फक्त खाली खेचतो, वर ढकलत नाही, पुल-अप लावला नाही तर आउटपुट हाय होणारच नाही आणि मग लोक आयसी बदलत बसतात. एलएम३५८ या ऑप-अँपला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीला, ५ व्होल्ट दिले तर आउटपुट साडेतीनच्या आसपास थांबतं, पुढे जात नाही, पूर्ण ५ पाहिजे असेल तर एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल, म्हणजे सप्लायच्या टोकांपर्यंत जाणारा, घ्या. आणि जुन्या पुस्तकातला ७४१ ऑप-अँप सिंगल ५ व्होल्टवर चालवायला जाऊ नका, तो प्लस-मायनस १५ च्या जमान्याचा आहे.

पुढे कधी ईएसपी३२ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर जोडायचा झाला तर त्याचे पाय ३.३ व्होल्टचे आहेत, १२ काय ५ सुद्धा थेट देऊ नका, रेझिस्टर डिव्हायडर टाका. उलट दिशेला, ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टवरच्या ७४एचसी ला दिला तर त्याला हाय समजायला ३.५ व्होल्ट लागतात, म्हणून कधी चालतं, कधी नाही. तिथे ७४एचसीटी घ्यायचा, त्याला २ व्होल्टला हाय कळतो. एका टी ने एवढा फरक पडतो.

खरेदीला जाताना पूर्ण नंबर लिहून न्या, शेपटीसकट. सीडी४०९३बीई म्हणजे डीआयपी, ब्रेडबोर्डमध्ये बसणारा, आणि बीएम म्हणजे एसएमडी, ज्याचे पाय १.२७ मिलिमीटरवर असतात, तो घरी आणून उपयोग नाही जोवर अडॅप्टर बोर्ड नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. सोबत १४ पिनचा आयसी बेस (सॉकेट) घ्या, दोन आयसी जास्त घ्या, काही रुपयांचा प्रश्न असतो, आणि परत चर्चगेट लोकल पकडून येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आयसीवरचं प्रिंट बोटाने पुसलं जात असेल, वरची बाजू घासल्यासारखी दिसत असेल किंवा पायांवर जुनं सोल्डर असेल तर परत द्या. साध्या लॉजिक आयसीत हे कमी दिसतं, महाग ऑडिओ आयसी आणि पॉवर मॉसफेटमध्ये जास्त, तसले पार्ट अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच मागवा.

आता चालू करायचं, आणि इथे घाई नको. आधी आयसी न लावता फक्त बेस सोल्डर करा, कंटिन्युइटीवर प्लस आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना बघा, सप्लाय द्या, बेसच्या १४ आणि ७ वर १२ येतात का आणि उलटे तर नाहीत ना ते मोजा. सप्लाय काढा, कॅपॅसिटर रिकामा होऊ द्या, मग आयसी बसवा, खाच बघून. पहिल्यांदा प्लसच्या वायरीत सिरीजला १०० ओहमचा रेझिस्टर ठेवा आणि बझर काढून ठेवा, त्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतायत ते बघा, सर्किट नुसतं बसलेलं असताना जवळपास शून्य असलं पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर पाच-दहा मिलिअँपिअर कुठेतरी जातायत, तरंगतं इनपुट नाहीतर सोल्डरचा पूल शोधा. ब्रेडबोर्डवर करत असाल तर बाजूच्या लाल-निळ्या पट्ट्या कित्येक बोर्डांत मध्येच तुटलेल्या असतात तेही तपासा, अर्ध्या बोर्डला सप्लायच नसतो.

सगळं ठीक असलं की १०० ओहम काढा, बझर लावा, प्रोब एका ग्लासात बुडवून बीप ऐका, मग त्याच ग्लासात तुमच्या टाकीचं पाणी घेऊन परत बघा कारण फिल्टरचं पाणी आणि टाकीचं पाणी यांचा रेझिस्टन्स वेगळा येतो. प्रोब बाहेर काढून झटकल्यावर दोन-तीन सेकंदांत आवाज थांबला पाहिजे, थांबला नाही तर प्रोबमधल्या प्लास्टिकवर पाण्याचा थर राहतोय, दोन्ही प्रोबची मुळं एकमेकांपासून लांब घ्या आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. बोर्ड गच्चीवर ठेवू नका, खाली घरात ठेवा, वर फक्त प्रोब आणि वायर. डबा बंद करताना सर्किटचा कागद, पायांच्या नंबरांसकट, झाकणाच्या आतून चिकटवा, म्हणजे दोन पावसाळ्यांनी कुणी दुसऱ्याने उघडला तरी त्याला दुरुस्त करता येईल.